डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट: स्वतः बदलू की मिस्त्रीकडे देऊ? (सातारा)

मंडळी, जरा घाईत आहे, म्हणून थेट विचारतो.

गाडी २०१४ ची डस्टर, १.५ डिझेल. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा ७१ हजार झाले होते, आज ९६ हजार आहेत. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा इंजिनातला दातेरी पट्टा) कधी बदलला याचा एकही कागद नाही. आधीचे मालक म्हणाले होते, "झालाय बहुतेक." ते 'बहुतेक' मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दर महिन्याला आईला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. शिवाय शेत दहिवडीकडे, म्हणजे कोरेगाव-पुसेगाव रस्त्याने आठवड्याला एक खेप ठरलेली. खंबाटकीत बेल्ट तुटला आणि आई गाडीत असली तर काय, या विचाराने चार दिवस धड झोप नाही.

रविवारी बेल्टचं वरचं प्लास्टिकचं कव्हर सोडून टॉर्च मारून बघितलं. दात शाबूत दिसतात. पण पाठीवरची अक्षरं पार पुसली गेलीत, पाठ काचेसारखी चकचकीत झालीय आणि इंजिनाकडच्या कडेला दोन-तीन दोरे सुटून लोंबतायत. छोटा आरसा खाली धरला तर वॉटर पंपापाशी कूलंट वाळल्याची पापडी दिसते.

दोन ठिकाणी दाखवलं. एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रीने बोटाने दाबून सांगितलं, "अजून तीस हजार जाईल, कशाला खोलताय?" दुसऱ्याने १७ हजार सांगितले, पण त्यात काय काय येतं विचारलं तर "सगळं येतं" एवढंच. शेजारचे काका म्हणतात, त्यांच्या स्विफ्ट डिझेलला दोन लाख झाले, बेल्टला कधी हात लावला नाही.

ब्रेक पॅड, ऑइल, बाहेरचा फॅन बेल्ट एवढी कामं मी घरी करतो. पाने, जॅक, स्टँड आहेत, टॉर्क पाना मित्राकडून मिळेल. पण या कामाला हात घालायचा धीर होत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: घरी होण्यासारखं आहे का? आणि मिस्त्रीकडे द्यायचं तर त्याला काम येतं की नाही, हे कशावरून ओळखायचं?

कृष्णाकाठ (सांगली):

दादा, बावीस वर्षं गॅरेजमध्ये आहे, म्हणून ठामपणे सांगतो. दोरे सुटलेत आणि पंप पाझरतोय, म्हणजे थांबायची वेळ गेली. नुसते किलोमीटर बघू नका. रबराची वर्षंही मोजायची, दोन्हीतलं जे आधी भरेल ते. तुमचा बेल्ट मूळचाच असेल तर त्याने दहाच्या वर उन्हाळे काढलेत.

काकांच्या स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन असते, बेल्ट नाहीच. तिची तुलना इथे लागू होत नाही.

तुमच्या इंजिनात एक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आठ व्हॉल्व्ह. डिझेल असल्यामुळे पिस्टन पूर्ण वर आला की हेडपाशी, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागापाशी, मिलिमीटरभरही जागा उरत नाही. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) मात्र फिरत राहतो, आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, खर्च कितीतरी पट. आधी आवाज येईल किंवा दिवा लागेल, या भरवशावर राहू नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, घाटात ते जास्त भीतीचं.

नुसता बेल्ट टाकू नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो. आज ठेवलात आणि सहा महिन्यांनी गळला तर मजुरी पुन्हा पूर्ण. डिझेलचा हाय प्रेशर पंपही त्याच बेल्टवर आहे. तो बदलायचा नसतो, पण त्याची पुली खुणेवरच हवी.

घरी करायचं म्हणाल तर, बेल्टच्या बाजूचं माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरणारा आधार, काढावं लागतं आणि तोवर इंजिन जॅकवर तोललेलं असतं. ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा नसेल तर चेंबर चेपतो. क्रँक पुलीचा बोल्ट सोडताना फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) अडवावं लागतं. टायमिंगची पिन (कॅम-क्रँकची जागा ठरवणारी) त्यासाठी वापरली तर पिनच वाकते. पहिल्याच खेपेला हे घरी करू नका असं माझं मत.

मिस्त्री ओळखायची खूण एकच: त्याच्याकडे या इंजिनाच्या दोन पिना आहेत का? एक कॅमच्या पुलीतून हेडमध्ये जाते, दुसरी ब्लॉकमध्ये बसून क्रँकची जागा ठरवते. जो जुन्या बेल्टवर व्हाइटनरच्या खुणा करून नवा चढवतो, त्याला हे इंजिन देऊ नका. आधीचंच टायमिंग चुकलेलं असेल तर नवाही चुकीचाच बसणार.

वाढेफाटा:

मी माझ्या जुन्या डिझेल गाडीचा बेल्ट घरी बदललाय, तेही व्हाइटनर लावून. बेल्ट चढवल्यावर पाना लावून क्रँक हाताने फिरवत होतो, पाऊण फेरीला पाना एकदम जड झाला. तिथेच थांबलो. बेल्ट काढून पाहिला तर टायमिंग चुकलं होतं. पाना रेटला असता किंवा थेट स्टार्टर मारला असता तर व्हॉल्व्ह गेलेच होते. त्यामुळे मिस्त्री कुणीही असो, क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून घ्या आणि पिना परत बसतात का ते स्वतः बघा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, म्हणून दोन.

धागाकर्ता:

दादा, दोघांचेही मनापासून आभार. घरी करायचा विचार सोडला. गाडी जागची हलवली नाही, आईला या वेळी एसटीने पुण्याला नेऊन आणलं.

तिसऱ्या मिस्त्रीला पहिला प्रश्न पिनांचा विचारला. त्याने ड्रॉवर उघडून कापडात गुंडाळलेल्या दोन्ही पिना हातात दिल्या. बेल्ट-टेन्शनरचं किट आणि पंप मी आणले, मजुरी ४,५०० ठरली. काल दिवसभर शेजारी उभा होतो. जुना बेल्ट उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. पंपाचा शाफ्ट बोटांनी फिरवला तर खरखर लागत होती. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही पिना अलगद बसल्या. क्रँकचा बोल्ट नवा टाकला, जुने सुटे भाग घरी आणलेत.

एक शंका राहिलीय. आज सकाळी पहिल्या स्टार्टला बेल्टच्या बाजूने बारीक 'सूंऽऽ' असा आवाज येत होता, पाच मिनिटांनी गेला. बेल्ट जास्त ताणला गेला असेल का? टेन्शनरचा काटा खुणेवर आहे की नाही, हे पुन्हा खोलून बघायला सांगू का? मंगळवारी दहिवडीला जायचंय, त्याआधी कळलं तर बरं होईल.