मिनिटं नको, मॅच मोजा

सुट्टीत मुलांना लागलेलं मोबाईलचं वेड कमी करायला, शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मोबाईल कपाटात, असा एक उपाय सुचवला जातो. पाचवी-सहावीत तो कदाचित चालेल, पण आठवी-नववीतल्या मुलग्यांचे निम्मे मित्र गेममध्येच भेटतात. ते तोडलं की भांडण ठरलेलं.

मिनिटं मोजण्यापेक्षा मॅच मोजा. फ्री फायर या मोबाईलवर टीम करून खेळायच्या गेमची मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, बीजीएमआय या तशाच गेमची मोठ्या नकाशावरची अर्ध्या तासापर्यंत जाते. मध्येच फोन ओढला तर टीममधले बाकीचे अडकतात आणि बोलणी तुमच्या मुलाला बसतात. 'जेवणाआधी एक मॅच' हे त्याला पटतं. शॉर्ट्स-रील्सना शेवटच नाही, म्हणून मला तरी गेमपेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटते.

सुट्टीत उशिरा झोपायची सवय लागलेली असते. जूनच्या मध्यावर (विदर्भात जूनअखेर) शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यापासून झोप रोज थोडी अलीकडे आणा. रात्री सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, बाबांचाही!

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास गावभर टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. सगळ्यांचंच बंद असलं की 'मीच का?' उरत नाही. सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी मिळून करून बघा. फक्त त्या वेळात पोरांना खाली खेळू देतात का, ते आधी विचारा. गाडीला चेंडू लागला म्हणून ओरडणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात.