अनुभव धागा : कोकणात, बेताच्या पैशांत घर लावताना

रत्नागिरीजवळ नाचण्याला वन बीएचके घेतला. स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन, वकील, सोसायटीचं डिपॉझिट हे सगळं भागवून हातात उरले ६२ हजार. त्यात गाद्यांपासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळं बसवायचं होतं. तुमच्यापैकी बरेच जण यातून गेलेले असणार, म्हणून हा धागा. काय आधी घेतलंत, काय गावच्या घरातून उचललंत, कशावर पैसे फुकट गेले ते लिहा.

सुरुवात माझ्याच फजितीने. तीन दारांचं कपाट ऑनलाइन मागवलं, साडेअकरा हजारांना. फोटोत लाकूड दिसत होतं, आत दाबलेला भुसा. मे महिन्यात जोडलं. जुलैत खालची फळी चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली आणि मधलं दार लागेना. ऑगस्टमध्ये पाठीमागच्या पातळ फळीवर हिरवी बुरशी, आणि बायकोच्या पैठणीला असा वास की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक कपाटाची निम्मी, निम्मी माझी. कपाट चिकटवलं होतं नैर्ऋत्येच्या भिंतीला, म्हणजे सगळा पाऊस जिच्यावर आपटतो तिलाच. पुण्याच्या मावसभावाकडे हुबेहूब तेच कपाट चार वर्षं ठणठणीत उभं आहे.

त्यामुळे धाग्याचा नियम एकच. वस्तूची किंमत लिहिलीत तर तिने किती पावसाळे काढले तेही लिहायचं.

कुडाळ

ओट्याखाली ट्रॉल्या की कडप्पा, यावर आमच्या घरात महिनाभर महाभारत चाललं. ट्रॉल्यांचं कोटेशन ४८ हजार. कडप्प्याचे खण मजुरीसकट १४ हजारांत झाले. निकाल सासूबाईंनी लावला : "ट्रॉलयेक चाकां, चाकांक तेल. कडप्प्याक काय व्हया?"

आज पाचवा पावसाळा. वाळवी नाही, फुगणं नाही, महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसलं की झालं. त्रास एवढाच की खणात मागे ठेवलेला डबा काढायला उकिडवं बसावं लागतं. त्यावर उपाय म्हणून बाजारातले प्लास्टिकचे क्रेट आणून खणात सरकवले, ते ड्रॉवरसारखे बाहेर ओढता येतात. आठ क्रेट, बाराशे रुपये. दारं दोन वर्षांनी अॅल्युमिनियमच्या चौकटीत करून घेतली, तोवर पडदा होता. सिंकखालचा खण मात्र रिकामाच ठेवा, गळती लगेच दिसते.

आणि कडप्प्याच्या कडा गोल घासून घ्यायला सांगा. आमच्या गवंड्याने "मागाहून करतंय" म्हणून सोडल्या. माझ्या नडगीवर अजून खूण आहे.

ओरोस

इथे नोकरीवाल्यांचीच वस्ती. जिल्ह्याचं मुख्यालय असल्यामुळे मे-जूनमध्ये बदल्यांचे आदेश निघाले की अर्धी कॉलनी सामान बांधायला लागते. घाटावर, मराठवाड्यात परत जाणारे शिक्षक तर आंतरजिल्हा बदलीची वर्षानुवर्षं वाट बघत असतात. आदेश हातात पडला की त्यांना कपाट नको असतं, गाव हवं असतं. टेम्पोचं भाडं सामानापेक्षा जास्त पडतं, म्हणून घासाघीस फारशी होत नाही.

माझी निम्मी खोली अशीच लागली आहे. स्टीलचं कपाट ३५००, सागवानी पलंग ६०००, फ्रिज ४५००, आणि चार खुर्च्यांबरोबर तुळशीची कुंडी फुकट. पलंग घेताना पाय उलटे करून बघा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. पोकळ आवाज आला की वाळवी आत बसलेली आहे. फ्रिज तासभर चालू ठेवायला सांगा आणि दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. स्टीलच्या कपाटात आधी बुडाकडे बघायचं. लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, गंज तिथूनच वर चढतो. मी खाली फरशीचे चार तुकडे सरकवलेत. तीन पावसाळे झाले.

एक सांगतो. ज्या मॅडमकडून पलंग घेतला त्यांनी जाताना त्यावर एकदा हात फिरवला. बदलीवाल्यांकडून स्वस्तात मिळतंय म्हणून फार हसत उचलू नये.

देवगड

आंब्याच्या लाकडी पेट्या. बारा पेट्या, सँडपेपर, प्रायमर, एक डबा पांढरा रंग. बूट, पुस्तकं, कांदे-बटाटे सगळं त्यात. दोन पावसाळे. तिसऱ्यात चार पेट्यांखाली भुगा पडायला लागला, त्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. फुकटच्या होत्या, रडलो नाही.

चिपळूण

नियमात बसणार नाही असं लिहिते. आमच्या सामानाने एकच पावसाळा बघितला.

२२ जुलै २०२१. आम्ही तळमजल्यावर, घर घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. पुराचं पाणी इथे कुणाला नवं नाही, वाशिष्ठीची आणि शिवनदीची सवय आहे, त्यामुळे रात्री 'दोन फूट येईल' या हिशेबाने टीव्ही टेबलावर आणि धान्याचे डबे ओट्यावर ठेवले. पहाटे आम्हीच वरच्या मजल्यावरच्या काकींकडे होतो आणि खाली ओटा दिसत नव्हता.

परत आलो तेव्हा काय शिल्लक होतं ते एकदा सांगून टाकते, कारण माझी खरेदीची सगळी अक्कल त्या यादीतून आली आहे. स्टीलची भांडी, सगळी. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सोडून. लोखंडी पलंगाचा सांगाडा. बॉक्स बेड, ज्यावर आम्ही सर्वात जास्त म्हणजे २२ हजार घातले होते, तो आतून गाळाने भरला आणि फुगून दारातून निघेना. शेवटी जागेवरच कुऱ्हाडीने फोडला. आत माझ्या लग्नातल्या साड्या होत्या. 'स्टोरेज' म्हणून कौतुकाने घेतलेला बेड.

आता दुसऱ्या मजल्यावर राहतो. तरी बॉक्स बेड नाही. लोखंडी पलंग, खाली मोकळं, केरसुणी आरपार जाते. वॉशिंग मशीन चिऱ्याच्या ओटलीवर. माळा मोठा करून घेतला, कागदपत्रं प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर. प्लायचं काम एकच केलं, देवघर आणि त्याखालचं कपाट, आणि तेवढ्यासाठी स्वतः दुकानात जाऊन फळीवरचा शिक्का वाचला. आयएस ७१० असेल तो मरीन. ३०३ असेल तर पुढे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, असं लिहिलंय ना ते बघा, कारण त्याच नंबरात साधा, नुसती दमट हवा सोसणारा पण पाणी न सोसणारा प्लायही येतो. सुतार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतो.

रत्नागिरी (धागाकर्ता)

चिपळूणच्या ताई, नियम गेला खड्ड्यात, लिहिलंत हे बरं केलंत. शिक्का वाचायचं माहीतच नव्हतं. उद्याच सुताराला गाठतो.

मालवण

दांडीच्या किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं. आमच्याकडे पाऊस निम्माच त्रास देतो, उरलेला निम्मा खारा वारा बारा महिने देतो. खिडकीची काच सकाळी पुसली तर संध्याकाळी बोटाला मीठ लागतं.

बाथरूमचे टॉवेल रॉड, साबणदाणी, कडीकोयंडे सगळं स्टेनलेस म्हणून घेतलं. नऊ महिन्यांत तांबूस ठिपके. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं होतं, 'बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.' नंतर कळलं की २०२ ग्रेडलाही चुंबक साधारण चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. २०२ मध्ये निकेल कमी असतं, ते खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. त्यामुळे बिलावर ३०४ लिहून मागायचं. तेही अधूनमधून गोड्या पाण्याने पुसावं लागतंच. मी आता मुख्य दाराच्या कड्या जुन्या पितळी लावल्यात, आजोळच्या घराच्या. काळ्या पडतात, चिंचेने घासल्या की परत लखलखतात. त्यांचे पावसाळे कोण मोजणार?

एका खर्चाचं दुःख नाही : बीएलडीसी पंखे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. बिलात फरक पडतोच, पण खरी गंमत जूनमध्ये. लाईट गेली की तेवढ्याच इन्व्हर्टरवर शेजाऱ्यांचा पंखा मध्यरात्री थांबतो, आमचा पहाटेपर्यंत फिरतो.

श्रीवर्धन

भाड्याचं घर, त्यामुळे भिंतीला फार खिळे नाहीत. पडदे आईच्या नऊवारींचे केले. एका नऊवारीत सात फुटी तीन पडदे निघतात, दुमड धरूनही. काठ खाली येईल असे शिवले. निसर्ग वादळात, जून २०२० ला, आमच्या आधीच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा या साड्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. शिलाई एकूण चारशे रुपये. उन्हाच्या खिडकीला लावलेला विटला, बाकीचे छान.

खेड

सगळे काटकसरीचं लिहितायत, मी उलटं लिहितो. कर्ज काढून एका दिवसात सगळं आणलं. बेड, सोफा, डायनिंग, एसी. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला जमिनीवर बसता येत नव्हतं, कमोड आणि उंच पलंग लगेच लागणार होता. हप्ता दोन वर्षं भरला, सणाला कपडे घेतले नाहीत. पस्तावा नाही. सोफ्याचा मात्र आहे, त्यावर वाळत घातलेले कपडे सोडून कुणी बसत नाही.

दापोली

गादी. फोमची स्वस्त घेतली, पावसाळ्यात ओली-ओली लागायची. आता काथ्याची, वर पातळ कापसाची. उशा सावरीच्या कापसाच्या, गावच्या झाडाच्या. पावसाची उघडीप मिळाली की आधी उशा गच्चीवर, मग कपडे.

सावंतवाडी

तौक्ते वादळात, मे २०२१, मागल्या दारचा फणस आडवा झाला. काप्या होता, त्याचं दुःख वेगळं. वडील म्हणाले, सरपण करण्यापेक्षा फ्लॅटला काहीतरी कर. वन खात्याची परवानगी काढून गिरणीवर फळ्या पाडल्या आणि इथेच सगळ्यांची चूक होते ती मीही करणार होतो. लगेच टेबल करायला निघालो. सुतार, सत्तरीचे, त्यांनी फळी नाकाला लावली, "अजून चीक आसा. दोन उन्हाळे थांब." फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळेल अशी थप्पी लावून पडवीत ठेवल्या. नातेवाईक विचारायचे, काय, दुकान काढतोस?

दोन उन्हाळ्यांनी जेवणाचं टेबल आणि दोन बाकं झाली. मजुरी १८ हजार, लाकूड घरचं. नवं असताना फणस हळदीसारखा पिवळा दिसतो, बायको म्हणाली हे काय लग्नाचं टेबल आहे का. वर्षभरात मधासारखा झाला, अजून गडद होतोय. खालच्या बाजूला आणि पायांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं, वाळवी फिरकत नाही. ते तेल मात्र हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते. मी अंगठ्याने एक थेंब पुसला होता, आठवडाभर फोड होता.

चितार आळीतून लाखकामाची एक फळांची परडी आणली, ती टेबलावर. घरात निव्वळ शोभेला घेतलेली वस्तू तेवढी एकच.

कुडाळ (परत)

बसायला काय, असं वर कुणी विचारलं नाही तरी सांगते. बांबूचा सोफा. आमच्याकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो, म्हणून टिकतो. पण कच्चा बांबू घेऊ नका, आतल्या गोडीला भुंगा येतो आणि रात्री कुर्र कुर्र ऐकू येतं. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला आहे का विचारा. इथे कोनबॅक या बांबूकामाच्या केंद्रात हे काम बघायला मिळतं. तीन पावसाळे, आवाज नाही.

वेंगुर्ला

मूळ घराची वाटणी झाली तेव्हा भांडी, पेटारा, घडवंच्या सगळं चार भावांत मोजून गेलं. झोपाळा कुणालाच नको होता. साडेपाच फुटी फळी, सात इंची पितळी कड्या, कोण नेणार? मी म्हटलं, मी नेतो. टेम्पोवाल्याने फळीचे वेगळे पाचशे घेतले.

फ्लॅटला आणल्यावर लक्षात आलं की टांगायचा कशाला. तिकडे तुळई होती. इथे स्लॅब. बिल्डरने पंख्याचा हूक सोडलाय तो झोपाळ्याचा नव्हे, आणि इंजिनिअरने स्लॅबला भोकं पाडायला साफ नाही म्हटलं. महिनाभर फळी पॅसेजमध्ये उभी, येणारा-जाणारा ठेचकाळायचा. मग चार जांभ्याचे चिरे आणून दोन्ही टोकांना दोन-दोन लावले, त्यावर फळी. झाली बैठक. खर्च शून्य, कड्या फडताळात.

आई गावाहून येते तेव्हा बरोबर त्यावरच बसते. सुपारी कातरता कातरता पाय जमिनीला रेटते, मग थांबते, फळीकडे बघते आणि पुन्हा कातरायला लागते.

रत्नागिरी (धागाकर्ता)

काका, चिऱ्यांची कल्पना उचलतो. फरशी खराब होत नाही का?

वेंगुर्ला

होते. पहिल्या पावसात तांबडी धूळ सुटली, मोजे लाल. चिरे आधी ब्रशने खसाखसा धुवा, चार दिवस उन्हात टाका, दोन हात वॉर्निश मारा आणि खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवा. ट्यूब पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते.