स्वप्नात जिमनी, दारात वॅगन आर: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या रस्त्यांसाठी बदल करावा का?

सत्तरीकर
दारात वॅगन आर 1.0 व्हीएक्सआय आहे, 2019 ची, 62,000 किमी झालेली. वाळपई-पणजी जाऊन-येऊन रोज साधारण 90 किमी, महिन्याला 25 दिवस. अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगाव. मनात आहे मारुतीची पाच दारांची जिमनी, फोर व्हील ड्राइव्हची (चारही चाकांना जोर देता येणारी), मॅन्युअल. कारणं तीन. घराकडचा शेवटचा अर्धा किलोमीटर तांबड्या मातीचा, पावसात नुसता चिखल. रस्त्यावर पाणी भरतं. आणि खड्ड्यांत पुढून टक्‌टक्‌ आवाज येतो. घरात माणसं पाच. वाड्यावर शिरताना दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं). एवढ्यासाठी गाडी बदलणं योग्य ठरेल का?

गिअरपेटी
पाच माणसं हा मुद्दा सगळ्यात आधी घ्या. जिमनी चार जणांचीच आहे, मागे तिसऱ्याला पट्टा नाही. चवथीला सगळे मिळून निघालात तर एकजण घरी राहील. सामानाची जागा 208 लिटर, तुमच्या गाडीची 341.

गडग्यांची काळजी रुंदीमुळे करू नका. वॅगन आर 1620 मिमी, जिमनी 1645, फरक जेमतेम 25 मिमी. अडेल ते वळणावर. तुमच्या गाडीची वळण्याची त्रिज्या 4.7 मीटर, जिमनीची 5.7. आज एका दमात मारता त्या वळणाला तिथे मागे घेऊन पुन्हा पुढे घ्यावं लागेल. दोन काठ्या रोवून वळणाची जागा मोजा आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमच्या रस्त्यावर न फिरवता आपल्या वाड्यावर मागवा. मागचा दरवाजा कडेला उघडतो, त्यामुळे गाडीमागे भिंत असेल तर सामान काढता येत नाही. चोडण-दिवाडीच्या फेरीबोटीवर गाड्या चिकटून लागतात तिथेही हीच अडचण.

पेट्रोलचा हिशेब असा: महिन्याला 2,250 किमी. वॅगन आरला लिटरमागे 19 किमी धरलं तर 118 लिटर, जिमनीला 14 धरलं तर 161. म्हणजे दर महिन्याला 40 लिटरच्या वर जास्त.

पाना बारा-तेरा
टक्‌टक्‌ आवाजासाठी कोणीही गाडी बदलू नये, दादा. खड्ड्यांच्या रस्त्यावर 60,000 नंतर हे येतंच. क्रमाने बघा: आधी स्टॅबिलायझर लिंक (गाडीचा कल आवरणाऱ्या दांडीचा जोड; हाताने हलवली की खेळ कळतो), मग लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश आणि बॉल जॉइंट, मग स्ट्रट माउंट (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा टेकू). गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवलं आणि वरच्या बाजूने कट्‌ असा आवाज आला तर माउंटचा बेअरिंग गेलाय. लिंक आणि माउंट दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, नाहीतर दोन महिन्यांनी दुसरी बाजू बोलू लागते. लोअर आर्म काढला की व्हील अलाइनमेंट हवीच.

आता चिखल. टायर कंपनीचेच असतील तर टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. इतके जुने टायर नक्षी असली तरी कडक होतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. नक्षीची कायदेशीर मर्यादा 1.6 मिमी, पण आपल्या पावसात 3 मिमीलाच बदलावेत. तुमच्या अर्ध्या किलोमीटरसाठी चांगले टायर आणि दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग एवढं पुरतं. चाकाच्या रेघा खोल पडल्या असतील तर त्यांच्यात न जाता एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवा. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगखाली रबर घालून घेऊ नका. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन बदलतो, त्याच्या जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटतं, ग्रीस बाहेर येतं आणि शेवटी अख्खा जॉइंट जातो.

घाटमाथा
जिमनीचं खरं सामर्थ्य सांगायलाच हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा), पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, जमिनीपासून 210 मिमी उंची, शिवाय लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर). एक चाक अधांतरी फिरू लागलं की तिथे ब्रेक लागतो आणि जोर त्याच जोडीतल्या पलीकडच्या चाकाकडे जातो. दगडी ओहळ, उभी चढण, बागायतीतली वाट, इथे वॅगन आर कितीही जपून हाकली तरी पोचणार नाही. रोज काजूच्या डोंगरावर जायचं असेल तर मी बिनदिक्कत घ्या म्हणेन.

पण तिची फोर व्हील ड्राइव्ह कायमची नाही. 4एच (चारही चाकांना जोर, नेहमीचे गिअर) कोरड्या डांबरावर लावायची नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मध्ये हा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नाही, म्हणून ताण साठतो, स्टेअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. म्हणजे पणजीपर्यंतचा सगळा प्रवास 2एच (फक्त मागच्या दोन चाकांना जोर) मध्येच. 4एल (चार चाकं, लो-रेंज) टाकायला गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा लागतो, हे चिखलात रुतल्यावर आठवून उपयोग नाही, आधीच टाका.

आणि पाणी. कोणत्याही गाडीला मी चाकाच्या मध्यापर्यंतच धरतो. वॅगन आरला ते साधारण 29 सेंमी, जिमनीला 34. पाच सेंटिमीटरसाठी लाखो रुपये! वाहत्या पाण्यात तर दोन्ही उतरवू नयेत. इंजिनाने पाणी ओढून गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनची दांडी) वाकतो. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्यायचं. जिमनी खोल पाण्यातून गेली तर दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

सत्तरीकर
आवाजाचं आणि टायरांचं काम आधी करतो. सध्या 165/70 आर14 आहेत (रुंदी 165 मिमी, उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 14 इंच). थोडे मोठे, 175 घातले तर?

पाना बारा-तेरा
175/65 घातलेत तर गाडी उंच होत नाही, उलट दीड-दोन मिमी खाली येते. 175/70 ने 7 मिमी मिळतील, पण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतात का ते बघावं लागेल, आणि मीटर खऱ्यापेक्षा अडीच टक्के कमी वेग दाखवेल. 165/70 च घ्या, मधल्या खाचा रुंद असलेली नक्षी निवडा, हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. चिखलासाठी हवा कमी करून तशीच गाडी पणजीला नेऊ नका, टायरच्या कडा तापून फाटतात.