पावसाळ्यात लाकडाच्या गाडीला दुसरं काम कोणतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी एक दहा चाकी गाडी आहे. आलापल्ली, बल्लारशाहच्या वनखात्याच्या डेपोतून सागाचे गोल लाकूड नागपूरच्या लकडगंजमधल्या आरा मशीनपर्यंत आणतो. पावसाळ्यात जंगलातले रस्ते चिखलाने बंद होतात, लिलावाचा मालही कमी निघतो. गाडी उभी, पण बँकेचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार काही थांबत नाही. ड्रायव्हर नऊ वर्षांपासून सोबत आहे, त्याला घरी बसवायचं मनाला पटत नाही.

माझी खरी अडचण बॉडीची आहे. बाजूला फाळके नाहीत, नुसते लोखंडी खुंटे आहेत. खुंटे काढून फाळके बसवले तर कळमन्याच्या बाजारातून धान्याची पोती नेता येतील का? पोती भिजली की भरपाई आपल्याच माथी, म्हणून चांगली ताडपत्री आधी घ्यावी लागेल. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख उचलायचाही विचार आहे, पण उघड्या गाडीतून राख उडाली तर मागच्या मोटरसायकलवाल्याचे हाल, ते मला नको. अंबिया बहाराची संत्री निघायला अजून वेळ आहे, म्हणजे ते भाडंही आत्ता नाही.

गाडीचं एकूण वजन २८.५ टनांच्या वर जाऊ देणार नाही, कोणी कितीही भाडं देवो.

ज्यांनी असा बदल केला आहे त्यांनी सांगा: फाळक्यांना खर्च किती आला, आरटीओत बॉडीची नोंद बदलावी लागली का? आणि परतीचं भाडं कुठून मिळवता? रिकामी गाडी परत आणली तर डिझेलच सगळं खाऊन टाकतं, भाऊ.