‘रेकैझाँव’ म्हणजे नुसतं मऊ चीज नव्हे

या पोर्तुगीज शब्दाला ‘मऊ चीज’ म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. शब्दाची फोड केली तर त्यात मऊपणा कुठेच नाही.

‘कैझु’ म्हणजे चीज. मूळ लॅटिन ‘कासेउस’. स्पॅनिश ‘केसो’ आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेलं ‘चीज’ ही त्याच घरातली भावंडं. दुधातल्या ‘केसीन’ या प्रथिनाला नाव मिळालं तेही तिथूनच. शेवटचा ‘आँव’ तर आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, ‘पाँव’चा आपण ‘पाव’ केला तोच.

खरी गंमत सुरुवातीच्या ‘रे’मध्ये आहे. रे म्हणजे पुन्हा. पोर्तुगालच्या सेरा द इश्त्रेला या डोंगराळ भागात मेंढीचं दूध कोमट असतानाच एका काटेरी झाडाच्या वाळवलेल्या फुलांनी गोठवतात. चीज बाजूला काढलं की निवळी उरते. ती पुन्हा तापवायची. उकळी फुटण्याआधीच पांढरे, लुसलुशीत पुंजके वर तरंगू लागतात. ते अलगद काढून निथळायला ठेवायचे. हाच रेकैझाँव. भोपळ्याच्या मुरंब्यासोबत तो फार आवडीने खातात. इटालियन ‘रिकोत्ता’चा अर्थही ‘पुन्हा शिजवलेलं’ असाच आहे.

म्हणूनच ‘पनीर’ हा प्रतिशब्द मला चुकीचा वाटतो. पनीरसाठी आपण दूध आधीच उकळतो, त्यामुळे निवळीत राहणारी बरीचशी प्रथिनं केसीनला चिकटून पनीरमध्येच जातात. मी एकदा दोन लिटर दुधाच्या पनीरचं पाणी मुद्दाम पुन्हा तापवलं. कडेला थोडा फेस आणि चमचाभर कण, एवढंच हाती लागलं.

ब्राझीलमध्ये मात्र शब्दाने अर्थ बदलला. तिथे उच्चारही ‘हेकेझाँव’कडे झुकतो, आणि वस्तू म्हणजे दह्यासारखं गोठवलेलं दूध साय-लोण्याबरोबर वितळवून केलेलं, पावाला फासायचं चीज. ते काचेच्या ग्लासातून विकलं जायचं, आणि रिकामा ग्लास घरात इतका रुळला की पाककृतींत ‘हेकेझाँवचा ग्लास’ हे माप झालं.

तेव्हा अनुवाद करताना आधी मजकूर कुठला ते पाहावं. पोर्तुगालचा असेल तर मी ‘निवळीचं चीज’ लिहीन. ब्राझीलचा असेल तर मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘पावाला लावायचं सायीसारखं चीज’ असा खुलासा देईन.