स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो की कमोडोर ६४ : तेव्हा खरंच स्वस्त कोणता होता?

माळ्यावरचा_डबा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, डेसिबेल्स कंपनीने आपल्याकडे १९८६ पासून लायसन्सवर विकलेला. सोबत सात-आठ कॅसेट, त्यावर बाबांच्या अक्षरात प्रोग्रामची नावं आणि टेपचा काउंटर कितीवर आहे ते आकडे. प्रोग्राम चढवायला कॅसेट लावली की टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे पळायला लागायचे, ती किर्रर्र सुरू व्हायची आणि चार-पाच मिनिटं आम्ही भावंडं श्वास रोखून बसायचो कारण मध्ये लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर न्यू जर्सीत वाढलेला चुलतभाऊ म्हणतो तिकडचा कमोडोर ६४ कॉम्प्युटर याच्यापेक्षा स्वस्तही होता आणि कैक पटीने भारीही, काकांनी चुकीचा घेतला. मला ते लागलं, खरं सांगतो. तर ज्यांनी ही मशीनं वापरलीत त्यांनी सांगा, तेव्हाच्या किमती काय होत्या? आणि जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आहे, पिन बरोबर बसते, लावून बघू का?

सोल्डर_आणि_चहा
थांबा, तो अ‍ॅडॉप्टर लावू नका!! स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये आतला भाग निगेटिव्ह आणि बाहेरचा पॉझिटिव्ह असतो, राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला सहसा बरोबर उलटं. व्होल्ट तेच, पिन तीच, पण पोलॅरिटी उलटी गेली तर आतलं सर्किट जाऊ शकतं. आधी मल्टिमीटरने बघा. करंटही दीड अ‍ॅम्पिअरच्या आसपास मिळायला हवा. आणि कीबोर्डखालची प्लास्टिकची पट्टी एव्हाना कडक होऊन चिरलेली असणार, त्यामुळे बटणं चालली नाहीत तर मशीन मेलं असं समजू नका, नवीन पट्टी मिळते. खोलताना दोन्ही झाकणं जोरात ओढू नका, तिथेच ती रिबन तुटते.

लेस्टरचा_माधव
किमतीचं मी सांगतो, माझं बालपण इंग्लंडमध्ये लेस्टरला गेलं. एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम आला तेव्हा १६के (म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा) १२५ पौंडाला आणि ४८के १७५ ला, आणि पुढच्याच वर्षी ४८के १३० च्या आत आला. बीबीसीच्या नावाने एकॉर्न कंपनीने काढलेल्या बीबीसी मायक्रोचं मॉडेल बी ३३५ ला जाहीर झालं आणि थोड्याच दिवसांत ३९९ वर नेलं. कमोडोर ६४ आमच्याकडे आला तेव्हा तोही स्पेक्ट्रमच्या दुपटीच्या आसपासच होता. त्यामुळे ज्यांचे वडील माझ्या वडिलांसारखे होजिअरीच्या कारखान्यात शिफ्ट करायचे त्यांच्या घरी स्पेक्ट्रम आणि ज्यांच्याकडे बरे पैसे त्यांच्याकडे बीबीसी, शाळेच्या मैदानात सरळ दोन गट. गंमत म्हणजे सिंक्लेअर आणि एकॉर्न दोन्ही कंपन्या केंब्रिजच्याच, आणि एकॉर्न काढणारा ख्रिस करी आधी स्पेक्ट्रमवाल्या क्लाइव्ह सिंक्लेअरकडेच कामाला होता. स्पेक्ट्रममध्ये ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसायचे, म्हणून गेममधला माणूस झाडासमोरून गेला की झाडाचा रंग बदलायचा. आवाज म्हणजे नुसतं बीप. तरी १७५ पौंडात रंग आणि ४८के मेमरी दुसरं कोण देत होतं? काकांनी अजिबात चुकीचा घेतला नाही.

जर्सी_काकू
तुमच्या चुलतभावाचं त्याच्या गावापुरतं बरोबर आहे हो. ऑगस्ट १९८२ ला कमोडोर ६४ दुकानात आला तो ५९५ डॉलरला, पण कमोडोरकडे स्वतःची चिप बनवणारी कंपनी होती, मॉस टेक्नॉलॉजी, ती त्यांनी १९७६ लाच घेतलेली. म्हणजे बाकीचे चिपा विकत आणणार आणि हे घरात बनवणार. कमोडोरच्या जॅक ट्रॅमिएलने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सशी (टीआय) असं भाव पाडण्याचं युद्ध केलं की १९८३ च्या मध्यापर्यंत तोच कमोडोर २०० डॉलरच्या आसपास आला, आणि त्यांचा कॉम्प्युटर टीआय-९९/४ए, जो १९८१ ला ५२५ ला निघाला होता, तो शंभराच्या खाली. ऑक्टोबर १९८३ ला टीआयने धंदाच सोडला. जुनं कुठलंही मशीन द्या आणि शंभर डॉलर परत घ्या अशीही स्कीम होती, आमच्या ह्यांनी त्यासाठी मुद्दाम एक स्वस्तातला टाइमेक्स सिंक्लेअर कॉम्प्युटर आणलेला आठवतो. पण एक सांगते, नुसत्या मशीनचा भाव बघू नका, फ्लॉपी ड्राइव्ह सुरुवातीला चारशेच्या आसपास होती, आणि इतकी संथ की लोड करायला लावून मी पोळ्यांची कणीक मळून यायचे. कमोडोरच्या आवाजाला मात्र तोड नाही, ती आवाजाची सिड चिप बनवणाऱ्या बॉब यानेसला संगीतातलं कळत होतं हे ऐकूनच समजतं.

फळा_ते_स्क्रीन
बीबीसीवाल्या गटातून मी. १९८४-८५ ला केंद्र सरकारचा शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा क्लास प्रकल्प सुरू झाला, देशभरात २५० शाळांत बीबीसी मायक्रो दिले, त्यातलीच एक आमची. खोलीबाहेर चप्पल काढून जायचो, एका मशीनवर चार-पाच जण. तेव्हा पौंड पंधरा रुपयांच्या आसपास, म्हणजे मॉडेल बी नुसत्या हिशोबाने सहा हजार आणि वर कस्टम ड्युटी, घरी घ्यायचा विचारच नव्हता. पण बीबीसी बेसिक (त्यातली प्रोग्रामिंगची भाषा) शिकायला फार छान होतं, प्रोग्रामचे तुकडे करून प्रत्येकाला नाव देता यायचं आणि त्यातच असेंब्लीही, म्हणजे थेट चिपच्या पातळीची भाषा, लिहिता यायची. कमोडोरच्या बेसिकमध्ये साधी रेघ मारायला पोक करत, म्हणजे मेमरीत एकेक आकडा टाकत, बसावं लागायचं. फक्त मेमरी ३२के, आणि सगळे रंग हवे असतील तर स्क्रीनच त्यातले २०के खायचा. माझं मत विचाराल तर शिकायला बीबीसी, खेळायला आणि गाण्यांना कमोडोर, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर, रात्री अकरापर्यंत बसायला स्पेक्ट्रम. आम्हाला आठवड्याला एक तास मिळायचा, तुम्हाला रोज.

माळ्यावरचा_डबा
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः अ‍ॅडॉप्टरचं सांगितलं त्यांचे. मीटर लावून बघितलं, खरंच उलटा होता, लावला असता तर गेलाच होता. जर्सी काकू, तुमचा मेसेज भावाला पाठवला, तो म्हणाला त्याच्या घरी ६४ आला तो १९८४ ला, भाव पडल्यावर. म्हणजे तो पडलेल्या भावाबद्दल बोलत होता आणि मी बाबांनी इथे मोजलेल्या पैशांबद्दल. बाबांना विचारलं, ते म्हणाले जवळपास तीन पगार गेले होते आणि आईने त्या वर्षी फ्रिजचा विषय काढला नाही. हे मला आजवर माहीतच नव्हतं. योग्य अ‍ॅडॉप्टर मागवलाय, कीबोर्डची पट्टीही. कॅसेट बुरशी लागल्यासारख्या दिसतायत, टेपमध्ये घालण्याआधी कशा साफ करायच्या ते कुणी सांगेल का? एकीवर बाबांनी ‘हिशोब, काउंटर ०४२’ असं लिहिलंय, तीच आधी वाचवायची आहे.