कण्हेरीचं कुंपण आणि चरणारी घोडी

हिरवळ: नमस्कार मंडळी. घोडी आणि तिचं सहा महिन्यांचं शिंगरू आता मोकळ्या कुरणात सोडायचंय. एका बाजूला कण्हेरीचं जुनं, दाट कुंपण आहे. सगळे म्हणतात, जनावर कडू पाल्याला तोंड लावत नाही. पण शिंगरू दिसेल ते चघळतं, अगदी दोरीसुद्धा. कुंपण काढावंच लागेल का?

पागेवाला: ताई, काढाच, आणि जोडी सोडायच्या आधी. उभी कण्हेर घोडा सहसा टाळतो हे खरं. पण छाटलेली फांदी सुकली की तो ती सहज खातो, आणि विष मात्र वाळल्यावरही तसंच राहतं. मूठभर पानांनी धडधाकट घोडा दगावतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर पडायला वाटच नसते. आधी पोटशूळ, पातळ लीद, मग हृदयाचे ठोके चुकायला लागतात. कधी काही दिसायच्या आतच घोडा मरून पडलेला सापडतो. निवांत उभ्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. घोडीचे आत्ताच मोजून लिहून ठेवा. शिंगराचे जास्त असतात, त्याचे वेगळे मोजा.

तोडलेला पाला जाळू नका, धूरही विषारी असतो. पाण्याच्या हौदात पडलेली पानं काढून भागत नाही, पाणी ओतून द्या.

टापा: एरंडाचं काय? आमच्या बांधावर आहे.

पागेवाला: पानांपेक्षा बिया घातक. चावून फुटल्या की विष सुटतं आणि त्रास काही तासांनी, कधी दिवसांनी सुरू होतो. एरंडीच्या पेंडीचं पोतं वैरणीच्या खोलीत कधीच ठेवू नका. खत म्हणून आणलेली ती पेंड अंधारात चुकून गवाणीत पडायला वेळ लागत नाही.

मला स्वतःला खरी धास्ती खुळखुळ्याची वाटते. वाळलेल्या गवताच्या पेंढ्यांत तो मिसळून येतो, शेंगा हलवल्या की आत बिया वाजतात. रोज थोडाथोडा पोटात जातो आणि यकृत पोखरत राहतो. कित्येक आठवड्यांनी घोडा खंगतो, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून पेंढी सोडून, पसरून, हाताने चाळूनच टाका.

हिरवळ: कुंपण उद्याच काढायला घेते. पण तरी पान खाल्लंच, तर डॉक्टर येईपर्यंत काय करू?

पागेवाला: चरणं बंद, चालवणं-पळवणं बंद, सावलीत शांत उभं करा. तेल, ताक, काढा तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. चावलेली फांदी जपून ठेवा आणि फोनवर डॉक्टरांना झाडाचं नाव आधी सांगा, म्हणजे ते त्या तयारीने निघतील. लक्षणं दिसायची वाट बघू नका.